ब्राउझरमधील एक्स्टेन्शन : दिलेला परवाना तपासत राहा

शासकीय कामकाजाचा फार मोठा भाग आज इंटरनेटच्या आधारे पार पडतो. ग्रामपंचायतींचे आराखडे आणि खर्चाचा तपशील 'ई-ग्रामस्वराज' या प्रणालीवर नोंदविला जातो. २४ एप्रिल २०२० रोजी या प्रणालीचा शुभारंभ झाला. शिक्षकांची वेतन देयके 'शालार्थ'मधून तयार होतात. शाळांची व विद्यार्थ्यांची माहिती 'यू-डायस'वर भरली जाते. सातबारा उतारा पाहावयाचा असो किंवा निवृत्तिवेतनाचा अर्ज भरावयाचा असो, संगणकासमोर बसलेला कर्मचारी प्रथम जे उघडतो ते म्हणजे ब्राउझर. क्रोम, एज किंवा फायरफॉक्स या नावांनी ओळखला जाणारा हा प्रोग्राम म्हणजे आजच्या कार्यालयाचे टेबलच होय. सर्व कागद त्यावरच उघडले जातात आणि सर्व सह्या त्यावरच होतात.

पासवर्ड कोणास सांगू नये, ओटीपी कोणास देऊ नये, अनोळखी दुव्यावर जाऊ नये, या गोष्टी आता बहुतेकांना माहीत झाल्या आहेत. परंतु या टेबलाशेजारी आपण स्वतःच आणून बसविलेल्या एका मदतनीसाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा मदतनीस म्हणजे ब्राउझर एक्स्टेन्शन. तो बहुधा उपयोगी असतो व विनामूल्य मिळतो. मात्र तो हानिकारक निघाला, किंवा पुढे कधी तसा झाला, तर त्याच्यापुढे पासवर्ड व ओटीपी यांचे संरक्षण अपुरे पडते. म्हणून एक्स्टेन्शन घेताना बाळगावयाची दक्षता आणि घेतल्यानंतर वेळोवेळी करावयाची तपासणी या दोन्हींचा विचार येथे केला आहे. यांतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असून तिच्याकडेच अधिक दुर्लक्ष होते.

एक्स्टेन्शन म्हणजे काय?

ब्राउझर तयार करणाऱ्या संस्थेने ज्या सोयी दिलेल्या नसतात, त्या पुरविण्यासाठी अन्य कोणी लिहिलेला व ब्राउझरला जोडावयाचा छोटा प्रोग्राम म्हणजे एक्स्टेन्शन. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या फायरफॉक्समुळे ही कल्पना लोकप्रिय झाली. क्रोममध्ये सर्वसामान्य वापरासाठी ती सोय जानेवारी २०१० मध्ये आली. जाहिराती रोखणे, मजकुराचे भाषांतर करणे, पानाचे छायाचित्र घेणे, पीडीएफ फाइल जोडणे वा तोडणे, शुद्धलेखन तपासणे, मराठी टंकलेखन करणे अशा असंख्य कामांसाठी एक्स्टेन्शन उपलब्ध आहेत.

ही सर्वच हानिकारक असतात असे मुळीच नाही. अनेक एक्स्टेन्शन प्रामाणिक व्यक्तींनी कोणताही मोबदला न घेता तयार केलेली आहेत. दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींना पाने वाचून दाखविणाऱ्या काही एक्स्टेन्शनमुळे त्यांचे काम सुकर झाले आहे. एक्स्टेन्शनचा सरसकट त्याग करावा असे येथे सुचवावयाचे नाही. कोणास किती अधिकार द्यावयाचा आणि तो कोठवर चालू ठेवावयाचा, एवढाच प्रश्न आहे.

परवानगीचा खरा अर्थ

एक्स्टेन्शन जोडताना ब्राउझर एक छोटी चौकट दाखवितो व परवानगी मागतो. सर्व संकेतस्थळांवरील आपली सर्व माहिती वाचणे आणि बदलणे, अशा आशयाचे एक वाक्य त्या चौकटीत पुष्कळदा आढळते. घाईत आपण ते न वाचताच मान्य करतो. वस्तुतः या एका वाक्याचा अर्थ अतिशय व्यापक आहे.

'वाचणे' म्हणजे आपण उघडलेल्या पानावर जे जे दिसते, आणि आपण त्यात जे जे भरतो, ते एक्स्टेन्शनला कळणे. अर्जदाराचा आधार क्रमांक, बँक खाते, विद्यार्थ्याची जन्मतारीख, भरलेला पासवर्ड, सर्व काही यात येते. पत्त्याच्या पट्टीत सुरक्षित जोडणीची खूण असल्यास काही भय नाही, असा समज प्रचलित आहे. ती खूण आपला संगणक व संकेतस्थळ यांमधील वाटेवर माहिती सुरक्षित असल्याचे दर्शविते. एक्स्टेन्शन मात्र वाटेवर नसून मुक्कामी बसलेले असते. टपालाचे पाकीट कितीही पक्के चिकटविलेले असले, तरी ते उघडून वाचणाऱ्याच्या खांद्यावरून कोणी डोकावत असेल, तर पाकिटाचा काय उपयोग?

'बदलणे' हा शब्द त्याहून गंभीर आहे. एक्स्टेन्शन पानावरील मजकूर बदलू शकते. शोधाचे निष्कर्ष बदलणे, खऱ्या दुव्याच्या जागी दुसरा दुवा ठेवणे, पानात नसलेला रकाना दाखवून जादा माहिती विचारणे, या गोष्टी त्यास शक्य होतात. ग्रामपंचायतीची देयके सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीने मंजूर होतात. स्वाक्षरी करणारा पडद्यावर जे पाहतो, त्यावर विश्वास ठेवूनच ती करीत असतो. पडदाच विश्वासार्ह राहिला नाही, तर स्वाक्षरीची किल्ली कुलपात ठेवूनही हेतू साध्य होत नाही.

ओटीपी का अपुरा पडतो?

पासवर्ड व ओटीपी देऊन आपण एखाद्या प्रणालीत प्रवेश केला, की ती प्रणाली आपल्या ब्राउझरकडे एक खूण सोपविते. तिला 'कुकी' म्हणतात. सभागृहाच्या दाराशी ओळखपत्र तपासून हाती दिलेल्या प्रवेशपासासारखी ही खूण असते. पुढे प्रत्येक पानावर पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही, तो पास पाहूनच आपणांस आत जाऊ दिले जाते. पुरेशी परवानगी मिळालेले हानिकारक एक्स्टेन्शन हा पासच उचलून दुसरीकडे पाठवू शकते. अनेक प्रणालींमध्ये तो पास हाती आलेला मनुष्य पासवर्ड अथवा ओटीपी न देता आपल्या नावाने आत शिरू शकतो. ओटीपीची आवश्यकता यामुळे कमी होत नाही. मात्र तो दाराशी उभा असलेला रखवालदार आहे, दालनातला नव्हे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

चांगले एक्स्टेन्शन वाईट कसे होते?

नामांकित, पुष्कळ लोकांनी वापरलेले व चांगले अभिप्राय असलेले एक्स्टेन्शन निवडावे, असा सल्ला नेहमी दिला जातो. तो योग्यच आहे, पण अपुरा आहे. गेल्या काही वर्षांतील दोन घटनांवरून हे स्पष्ट होते.

'द ग्रेट सस्पेंडर' या नावाचे क्रोमचे एक एक्स्टेन्शन होते. उघडी ठेवलेली पण वापरात नसलेली पाने निद्रिस्त करून संगणकाच्या स्मृतीवरील भार ते कमी करी. जुन्या, मंद संगणकांवर काम करणाऱ्यांना त्याचा चांगला उपयोग होई. वीस लाखांहून अधिक लोक ते वापरीत होते. जून २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्या कोणास विकले. नवा मालक कोण, हे वापरणाऱ्यांना कळले नाही. त्यांच्या संगणकावरील चिन्ह तेच राहिले, नाव तेच राहिले आणि पूर्वी दिलेली परवानगीही तशीच राहिली. पुढे आलेल्या आवृत्तीत संशयास्पद भाग असल्याचे काही जाणकारांच्या लक्षात आले. अखेर फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने त्यात हानिकारक भाग असल्याचे जाहीर करून ते आपल्या भांडारातून काढून टाकले व लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद केले.

दुसरी घटना अधिक बोलकी आहे. माहितीची गळती रोखणे हाच व्यवसाय असलेल्या 'सायबरहेवन' या अमेरिकन कंपनीचे एक एक्स्टेन्शन सुमारे चार लाख लोक वापरीत होते. २४ डिसेंबर २०२४ रोजी कंपनीच्या एका कर्मचाऱ्यास गुगलच्या भांडाराकडून आल्यासारखे दिसणारे पत्र मिळाले. नियमभंगामुळे तुमचे एक्स्टेन्शन काढून टाकले जाण्याचा संभव आहे, असा त्याचा आशय होता. पत्रातील दुव्यावरून कर्मचारी गुगलच्या खऱ्या परवानगीच्या पानावर पोहोचला आणि तेथे एका अनोळखी प्रोग्रामला त्याने अनुमती दिली. त्याच्या खात्यास दुहेरी पडताळणीचे संरक्षण होते. परंतु पासवर्ड चोरलाच गेला नव्हता. परवानगीच मिळविण्यात आली होती. तिच्या बळावर हल्लेखोरांनी त्या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती भांडारात चढविली. भांडाराच्या तपासणीतूनही ती पार झाली. नाताळच्या सुटीत, सुमारे पंचवीस तास, ती आपोआप लोकांच्या संगणकांवर उतरत राहिली. फेसबुकवरील जाहिरात खात्यांचे प्रवेशपास मिळविणे हा तिचा मुख्य उद्देश असल्याचे पुढे निष्पन्न झाले. त्याच मोहिमेत तीसहून अधिक एक्स्टेन्शन दूषित करण्यात आल्याचे नंतरच्या तपासात आढळून आले.

दोन्ही घटनांत वापरणाऱ्यांनी काही चूक केली नव्हती. त्यांनी कोणत्याही संशयास्पद दुव्यावर कळ दाबली नव्हती, कोणास पासवर्डही सांगितला नव्हता. कधीकाळी विश्वासाने दिलेली परवानगी तेवढी कायम राहिली होती. एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्त्या आपोआप व न विचारता येतात. दोष दुरुस्त व्हावेत म्हणून ही सोय आवश्यक आहे, पण त्याच मार्गाने दूषित आवृत्तीही येऊ शकते. नवी आवृत्ती पूर्वीपेक्षा अधिक अधिकार मागत असेल, तर मात्र ब्राउझर थांबतो आणि पुन्हा संमती विचारतो. असा प्रश्न समोर आल्यास 'होय' म्हणण्यापूर्वी अवश्य थांबावे. जाहिराती रोखणाऱ्या वा शब्दार्थ दाखविणाऱ्या एक्स्टेन्शनला एकाएकी अधिक अधिकार कशासाठी हवेत, याचे समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर ते काढून टाकणे श्रेयस्कर.

माहितीचा व्यापार

प्रत्येक हानिकारक एक्स्टेन्शन पैसेच चोरते असे नाही. काही एक्स्टेन्शन केवळ आपण कोणती पाने पाहतो याची नोंद घेऊन ती विकतात. जुलै २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या 'डेटास्पाय' या प्रकरणात क्रोम व फायरफॉक्सवरील आठ एक्स्टेन्शन अशी नोंद गोळा करीत असल्याचे दिसून आले. त्यांचे वापरकर्ते एकूण ४१ लाखांपर्यंत होते. नुसत्या पत्त्यांत एवढे काय असते, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु काही कागदपत्रे अशी ठेवलेली असतात, की त्यांचा दुवा ज्याच्या हाती पडेल त्यास ती उघडता येतात. लाभार्थींची यादी, वैद्यकीय कागद किंवा विद्यार्थ्यांचे गुणपत्रक अशा दुव्याद्वारे पाठविण्याची पद्धत जेथे असेल, तेथे पत्ता गेला म्हणजे कागद गेला असेच समजावे.

निवड करताना

नव्या एक्स्टेन्शनची गरज भासल्यास पहिला प्रश्न असा विचारावा, की हे काम त्याविना होऊ शकते काय? मराठी टंकलेखनासाठी वेगळे एक्स्टेन्शन घेण्याचे कारण आता उरलेले नाही. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट पद्धतीचा मराठी कळफलक अंतर्भूत आहे आणि २०१९ पासून उच्चारानुसारी कळफलकही मिळतो. वापरात नसलेली पाने निद्रिस्त करण्याची सोय क्रोम व एज यांनी स्वतःच दिली आहे. पीडीएफ वाचणे व पानाचे भाषांतर करणे हीसुद्धा प्रचलित ब्राउझरची अंगभूत कामे झाली आहेत.

गरज खरीच असेल, तर एक्स्टेन्शन ब्राउझरच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावे. व्हॉट्सअॅपवर आलेला दुवा, जाहिरात अथवा 'आपला संगणक धोक्यात आहे' अशी सूचना यांच्या मागे जाऊन ते घेऊ नये. मार्च २०२३ मध्ये 'चॅटजीपीटी'च्या नावाचा फायदा घेणारे एक बनावट एक्स्टेन्शन शोधयंत्रावरील जाहिरातीतून पसरविण्यात आले होते व ते फेसबुकचे प्रवेशपास चोरीत होते. ज्या नावाची चर्चा सर्वत्र असते, त्याच नावाचे बनावट रूप बाजारात लवकर येते. नव्या तंत्राचा अध्यापनात उपयोग करू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी हे विशेषत्वाने लक्षात ठेवावे. अधिकृत भांडार, चांगले अभिप्राय व मानचिन्ह या उपयुक्त खुणा होत, पण हमी नव्हेत. निर्मात्याचे नाव, त्याचे संकेतस्थळ, शेवटची सुधारणा केव्हा झाली आणि मागितलेला अधिकार कामाच्या मानाने योग्य आहे काय, हेही पाहावे.

कार्यालयात व शाळेत योजावयाचे उपाय

पहिला उपाय वेगळ्या प्रोफाइलचा. एकाच ब्राउझरमध्ये निरनिराळी प्रोफाइल ठेवता येतात आणि प्रत्येकातील एक्स्टेन्शन वेगळी असतात. शासकीय प्रणाली व बँक यांसाठी एक स्वतंत्र प्रोफाइल ठेवावे आणि त्यात एकही एक्स्टेन्शन जोडू नये. बातम्या वाचणे, चित्रफिती पाहणे, शैक्षणिक साहित्य शोधणे यांसाठी दुसरे वापरावे. अनेक माणसे एकाच संगणकावर काम करतात अशा ग्रामपंचायतींत व शाळांत हा उपाय बिनखर्ची असून परिणामकारकही आहे.

दुसरा उपाय खात्याच्या जुळणीसंबंधी आहे. घरच्या संगणकावर व कार्यालयातील संगणकावर ब्राउझर एकाच वैयक्तिक खात्याने चालू केला आणि जुळणीची सोय सुरू ठेवली, तर घरी जोडलेले एक्स्टेन्शन कार्यालयातही आपोआप अवतरते. घरी मुलाने खेळासाठी घेतलेले एक्स्टेन्शन दुसऱ्या दिवशी निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांशेजारी येऊन बसते, ते असे. कार्यालयातील ब्राउझरमध्ये वैयक्तिक खाते वापरू नये, हा नियम यास्तव कटाक्षाने पाळावा.

तिसरा उपाय मर्यादित अधिकाराचा. क्रोम व एजमध्ये एखादे एक्स्टेन्शन सर्व संकेतस्थळांवर चालावे, ठराविक संकेतस्थळावर चालावे, की केवळ आपण त्यावर कळ दाबल्यावरच चालावे, हे ठरविता येते. शक्य तेथे शेवटचा पर्याय निवडावा. तसेच ब्राउझरच्या खासगी खिडकीत एक्स्टेन्शन सामान्यतः बंद असतात. आपण तशी मुद्दाम परवानगी दिलेली नसेल, तर निकडीच्या प्रसंगी ही खिडकी वापरणे उपयुक्त ठरते.

चौथा उपाय जिल्हा व तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांच्या हाती आहे. कार्यालयातील संगणकांवर मध्यवर्ती धोरण लावून सर्व एक्स्टेन्शनना मनाई करता येते आणि केवळ तपासलेल्या मोजक्यांना अनुमती देता येते. क्रोम, एज व फायरफॉक्स या तिन्हींमध्ये ही व्यवस्था आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या सावधगिरीवर सर्व भार टाकण्यापेक्षा ही व्यवस्था करणे केव्हाही इष्ट.

मासिक तपासणी

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय नियमित तपासणीचा. साठा नोंदवहीची पडताळणी आपण ठराविक काळाने करतो, त्याचप्रमाणे महिन्यातून एकदा, ठराविक दिवशी, ब्राउझरमधील एक्स्टेन्शनची यादी पाहावी. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या अंगास चित्रकोड्याच्या तुकड्यासारखे चिन्ह असते. त्यावर कळ दाबून व्यवस्थापनाचे पान उघडले, की संपूर्ण यादी दिसते. प्रत्येकापुढे चार प्रश्न ठेवावेत. हे कोणी जोडले? गेल्या महिन्यात याचा उपयोग झाला काय? यास कोणते अधिकार आहेत? निर्माता तोच आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर देता येत नसेल, तर ते एक्स्टेन्शन काढून टाकावे. नुसते विसरून गेलेले एक्स्टेन्शनही काढावयास हवे, कारण आपण त्यास विसरलो तरी त्याचा परवाना चालूच असतो.

मुखपृष्ठ अथवा शोधयंत्र आपोआप बदलणे, नको तेथे जाहिराती दिसणे, न जोडलेले एक्स्टेन्शन यादीत आढळणे, काढलेले पुन्हा परत येणे ही धोक्याची लक्षणे होत. वैयक्तिक संगणकावर ब्राउझर 'आपल्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' असल्याची सूचना दिसू लागल्यास तीही संशयास्पद मानावी. आपणांस काढता येऊ नये म्हणून काही हानिकारक एक्स्टेन्शन अशी युक्ती योजतात. शासकीय संगणकावर मात्र ही सूचना रास्तही असू शकते, सबब तांत्रिक साहाय्यकास विचारून खात्री करून घ्यावी.

शंका आल्यास

अशी लक्षणे दिसल्यास त्या संगणकावरील काम थांबवून इंटरनेटची जोडणी तोडावी. एक्स्टेन्शनचे नाव, निर्माता व अधिकार यांचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे, कारण पुढील तपासास ते लागते. नंतर ते काढून टाकावे. पासवर्ड बदलावयाचे ते दुसऱ्या, निर्दोष संगणकावरून बदलावेत आणि 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय जेथे असेल तेथे तो वापरावा. केवळ पासवर्ड बदलल्याने चोरीस गेलेला प्रवेशपास प्रत्येक ठिकाणी रद्द होतोच असे नाही.

पैशांचा अपहार झाला असल्यास बँकेस तत्काळ कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदतवाणीवर तक्रार नोंदवावी. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवरही तक्रार करता येते. यात वेळ दवडू नये, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी रोखण्याची संधी थोडाच काळ असते. शासकीय कार्यालयांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळविणे बंधनकारक असून शासकीय संस्थांनाही ते लागू आहे. म्हणून शंका येताच कर्मचाऱ्याने कार्यालयप्रमुखास सांगावे आणि कार्यालयप्रमुखानेही सांगणाऱ्यास दोष न देता ते ऐकून घ्यावे. रागावले जाण्याच्या भीतीने दडविलेली घटना सहा तासांत नव्हे, सहा महिन्यांनीही उजेडात येत नाही.

गावातील वृद्ध महिला निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन सेवा केंद्रात येते, तेव्हा ती आपले नाव, आधार क्रमांक आणि बँकेचे पुस्तक केंद्रचालकाच्या हाती देते. त्या संगणकात कोणते एक्स्टेन्शन आहे हे तिला ठाऊक नसते आणि ते तपासण्याचे कोणतेही साधन तिच्याजवळ नसते. तिच्या वतीने ती तपासणी करण्याचे काम संगणकासमोर बसणाऱ्याकडेच येते. महिन्यातून एक दिवस आणि त्या दिवशी दहा मिनिटे एवढीच त्याची किंमत आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने, शाळेने व कार्यालयाने या महिन्यापासूनच तो दिवस निश्चित करून आपल्या कामाच्या वेळापत्रकात त्याची नोंद करावी.